हाताने रंगवलेला अझुलेजो घराला लावायचा असेल तर: आधी भिंत, मग टाइल, मग चित्र

गोव्यातून नावाची पाटी करून आणायची आणि दाराशेजारी बसवायची, ही हौस आता कोकणात आणि पुण्या-मुंबईतही बऱ्याच घरांना दिसते. निळ्या रंगात आडनाव, कडेने वेलबुट्टी, कोपऱ्यात एखादं जास्वंद. पाटी घरी येते तेव्हा देखणीच असते. पण तीन-चार पावसाळे गेले की कुणाची निळाई विटते, कुणाच्या टाइलच्या कडेने पांढरा खार फुटतो, कुणाची एक टाइल सुटून पायरीवर येऊन पडते, आणि सगळा राग चित्रकारावर निघतो. खरं दुखणं बहुतेक वेळा टाइलच्या मागे असतं. म्हणून इथे क्रम नेहमीपेक्षा उलटा घेतला आहे: भिंत पाहायची, मग टाइल कुठल्या जातीची ते ठरवायचं आणि चित्राचा विचार त्यानंतर.

अझुलेजो म्हणजे पोर्तुगीज धाटणीची, काचेसारखा थर देऊन रंगवलेली भाजक्या मातीची टाइल. गोव्यात ती आली बोटीतून. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिनचं चर्च १६०२ मध्ये पूर्ण झालं, १८४२ मध्ये त्याचं छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा गेला, आणि आज ४६ मीटर उंचीचा अर्धा मनोरा उभा आहे. त्या पडझडीत, उघड्या भिंतींवर, अझुलेजोंचे तुकडे अजून चिकटून आहेत आणि त्यांचे रंग ओळखू येतात. पाटी करून घेण्याआधी ते एकदा पाहाच. नीट भाजलेला रंग किती टिकतो, हे दुकानात कुणी सांगण्यापेक्षा तिथे लवकर पटतं.

दुसरी जागा पणजीत, आझाद मैदानाजवळच्या इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनात. पोर्तुगीज कवी कामोंइश यांच्या ‘ओस लुझियादास’ या महाकाव्यातले प्रसंग तिथे निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर भिंतभर रंगवलेले आहेत. काम १९३५ सालचं, जॉर्ज कोलासो यांचं. पोर्तुगालमधल्या पोर्तो शहराच्या साँव बेन्तू रेल्वे स्थानकातल्या प्रसिद्ध भिंती रंगवणारे ते हेच. हेही काम पोर्तुगालमधूनच आलेलं. गोव्यातल्या हातांनी गोव्यातच अझुलेजो रंगवायला सुरुवात झाली ती अलीकडे, पोर्तुगालमध्ये जाऊन हे काम शिकून आलेल्या गोंयकारांमुळे. पणजीतल्या फोंतेन्यास या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत घरांची नावं आणि रस्त्यांच्या पाट्या दिसतात, त्यातलं बरंच काम या नव्या पिढीचं आहे. आपल्याकडच्या टाइलचा दुसरा धागा मुंबईत सापडतो. १८७० च्या दशकात जे. जे. कलाशाळेत जॉर्ज टेरी यांनी मातीकाम उभं केलं होतं, आणि भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाची जमीन इंग्लंडच्या मिंटन कंपनीच्या टाइल्सची आहे. पण त्या वाटेने आज नावाची पाटी मिळत नाही, तेव्हा गोव्याकडे वळू.

भिंत तपासा

गोव्यात आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीत जुनं घर म्हणजे चिऱ्याचं, जांभ्या दगडाचं. चिरा पाणी पितो आणि सावकाश सोडतो. जुन्या बांधकामात सांधे मातीचे नाहीतर चुन्याचे, गिलावा चुन्याचा, त्यामुळे भिंत श्वास घेते. अशा भिंतीवर सिमेंटचा घट्ट थर देऊन वर टाइल लावली की तेवढ्या चौकोनात ओलीची वाट बंद होते. ओल मग सांध्यातून आणि कडेने बाहेर पडायला बघते. तिच्याबरोबर आलेले क्षार तिथे सुकतात, त्यांचे खडे होतात, ते फुगतात आणि टाइलच्या काचेला मागून रेटतात. टवके उडतात ते यामुळे.

पहिली खूण भिंत स्वतःच देते. जमिनीतून चढणारी ओल जोत्यापासून साधारण मीटरभर वर येते आणि रंगाचे पोपडे जिथे संपतात तिथे एक वाकडीतिकडी रेघ दिसते. पाटी त्या रेघेच्या चांगली वर हवी. रेघ दिसत नसेल तर एक सोपी चाचणी करा: फूटभर लांबी-रुंदीचा जाड प्लॅस्टिकचा कागद घ्या, चारही कडा रुंद चिकटपट्टीने भिंतीला घट्ट चिकटवा आणि दोन दिवस हात लावू नका. आतल्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. त्या जागेवर थेट टाइल लावू नये, आणि वरून वॉटरप्रूफिंगचा रंग मारून घेतला म्हणजे झालं, असंही समजू नये. त्या रंगाने ओल फक्त जागा बदलते.

दिशा पाहा. पणजीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बराचसा जून ते सप्टेंबरात, आणि तो नैऋत्येकडून आडवा येतो. पश्चिमेच्या किंवा दक्षिणेच्या भिंतीवर पाटी लावायची तर वर दीड-दोन फुटांचं छज्जं किंवा पुढे आलेलं छप्पर तरी हवं. पूर्वेची भिंत किंवा पडवीच्या आतली जागा मिळाली तर अर्धी काळजी तिथेच संपली.

काम दिवाळीनंतर घ्यावं. भिंत तोवर बऱ्यापैकी सुकलेली असते आणि होळीपर्यंतचे महिने हाताशी असतात. नवा सिमेंटचा गिलावा केला असेल तर किमान २८ दिवस जाऊ द्या. गवंडी म्हणेल आठ दिवस पुरे. त्याचं पुढचं काम अडलेलं असतं, आपलं नसतं.

आता माझा आग्रहाचा सल्ला. जुनं चिऱ्याचं घर असेल, भिंतीवर शंका असेल किंवा घर भाड्याचं असेल, तर टाइल्स भिंतीला चिकटवूच नका. १२ मिलिमीटर किंवा त्याहून जाड सिमेंट बोर्ड कापून घ्या, पाटी त्यावर चिकटवा आणि बोर्ड स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूंनी भिंतीवर असा बसवा की मागे बोटभर फट राहील. फटीसाठी स्क्रूभोवती, बोर्ड आणि भिंत यांच्यामध्ये, नायलॉनचे छोटे ठोकळे घालतात. मागे हवा खेळते, भिंत आपली ओल आपल्या वाटेने टाकते आणि घर बदललं की पाटी बरोबर नेता येते. साधा लोखंडी स्क्रू वापरू नका. खाऱ्या हवेत तो दोन वर्षांत गंजतो आणि गंजाचा तांबडा ओघळ थेट आडनावावरून खाली येतो.

तुळशीवृंदावनाला हाच नियम, थोडा अधिक कडक. गोव्यात आणि तळकोकणात वृंदावनाला चारी बाजूंनी टाइल्स लावायची पद्धत सर्रास आहे. आत माती, मातीला रोज पाणी. ते पाणी आतून बांधकामात मुरतं आणि टाइलच्या मागे येऊन थांबतं. वृंदावन बाहेरून कितीही चांगलं बांधलं तरी आतून ते कायम ओलं. उपाय असा: आतल्या पोकळीत तुळशीची कुंडी स्वतंत्र ठेवायची, पोकळीच्या तळाला पाणी बाहेर जाण्यासाठी एक नळी काढायची आणि पोकळी आतून सिमेंटने घोटून घ्यायची. टाइल्स नंतर लावायच्या.

टाइल कुठल्या जातीची आहे

‘हॅण्डपेंटेड’ या एका शब्दाखाली बाजारात निदान तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

सर्वांत टिकाऊ ती मूळ पद्धतीची. माती एकदा भाजून घेतात, त्या भाजलेल्या कोऱ्या टाइलला बिस्किट म्हणतात. तिच्यावर पांढऱ्या ग्लेझचं, म्हणजे भाजल्यावर काच होणाऱ्या लेपाचं, पातळ घोल ओततात. ते सुकून भुकटीसारखं बसतं, आणि त्या कच्च्या, खडूसारख्या पृष्ठभागावर रंगवतात. मग सगळं एकत्र १,००० अंश सेल्सियसच्या आसपास भाजतात. ग्लेझ वितळून काच होते आणि रंग त्या काचेत उतरतो. ग्लेझ पांढरं व्हावं म्हणून पूर्वी त्यात कथिलाचं ऑक्साइड घालत. आता स्वस्त म्हणून बहुधा झिरकॉन घालतात.

दुसरी पद्धत बाजारातली तयार पांढरी टाइल घेऊन तिच्या चकचकीत पृष्ठभागावर रंगवण्याची. हे रंग वेगळे असतात, ७५० ते ८५० अंशांना भाजतात आणि काचेच्या वर पातळ थरासारखे बसतात. काम बारीक होतं, चूक पुसता येते, भाव कमी पडतो. घरात, पडवीत, छपराखाली ही टाइल वर्षानुवर्षं छान राहते. ऍसिड आणि घासणी मात्र तिला चालत नाही.

तिसरी भट्टीत जातच नाही. ऍक्रिलिक किंवा इनॅमल रंग, नाहीतर घरच्या ओव्हनमध्ये दीडशे अंशांना ‘पक्का’ होणारा रंग. भिंतीवर टांगायच्या शोभेच्या वस्तूला ठीक, बाहेर उन्हापावसात नको.

या तिघींच्या बाजूला असतो छापील डेकल: चित्राचा पातळ पापुद्रा टाइलवर ओला करून चिकटवायचा आणि भाजायचा. जिन्यात कुणी थुंकू नये म्हणून कोपऱ्याकोपऱ्यात लावलेल्या साईबाबा, येशू आणि मक्केच्या टाइल्स याच जातीच्या. त्यात कमीपणा काही नाही, त्या आपलं काम चोख करतात. फक्त हाताने रंगवल्याचे पैसे त्यासाठी देऊ नयेत.

ओळखायचं कसं? टाइल तिरपी धरून उजेडाकडे बघा. रंग काचेत उतरला असेल तर चकाकी सगळीकडे एकसारखी दिसते. रंग वर बसला असेल तर रेघ किंचित उठलेली किंवा मंद दिसते, आणि नख फिरवलं की जाणवते. भिंगाखाली चित्रात ठिपके-ठिपके दिसले तर तो छाप. कुंचल्याचं काम असेल तर फटकाऱ्याच्या शेवटी रंगाचा थेंब साचून गडद झालेला दिसतो, आणि एकाच नक्षीच्या दोन टाइल्स शेजारी ठेवल्या की पानं कधीच हुबेहूब एक नसतात. शंका असेल तर नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा कोपऱ्यात फिरवा. कापसाला रंग लागला तर ती तिसरी जात. हे अर्थात दुकानदाराला विचारून.

पाठही पाहा. मागच्या बाजूला पाण्याचा थेंब टाका. काही सेकंदांत तो गायब झाला तर टाइल सच्छिद्र मातीची आहे. दहा टक्क्यांहून अधिक पाणी पिणाऱ्या टाइल्स भिंतीच्या टाइल्समध्ये मोडतात, आणि बहुतेक अझुलेजो याच गटातले. थेंब तसाच राहिला तर व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारखी घट्ट भाजलेली. ती अर्धा टक्काही पाणी पीत नाही. हे लक्षात ठेवा, बसवताना उपयोगी पडेल.

चित्रकाराला एवढं सगळं विचारायची सोय नसेल तर एकच विचारा: किती अंशांना भाजता? उत्तर हजारच्या आसपास आलं, आठशेच्या आसपास आलं, की ‘ते पक्कं असतं हो, काळजी करू नका’ असं आलं, त्यावरून पुढचं ठरवा.

चित्र आणि अक्षर

अझुलेजोची नेहमीची टाइल १५ बाय १५ सेंटिमीटर. दोन टाइल्सची पाटी ३० बाय १५ ची होते आणि तिच्यात एक आडनाव बसतं. नाव, आडनाव आणि घराचं नाव हवं असेल तर सहा टाइल्स, म्हणजे ४५ बाय ३०. पडवीच्या भिंतीवर चित्र करायचं तर ९० बाय ६० ला चोवीस टाइल्स लागतात. त्या टाइल्सचंच वजन सात किलोच्या घरात जातं आणि बोर्ड-गोंदासकट वीस किलो धरून चालावं.

देवनागरीत पाटी करायची असेल तर एक अडचण रोमन अक्षरांत कधीच येत नाही: शिरोरेघ. दोन ओळींत टाइल्स असताना शिरोरेघ नेमकी आडव्या सांध्यावर आली तर ती ग्राउटमध्ये, म्हणजे सांध्यात भरायच्या लेपात, हरवते आणि अक्षरं डोक्याविना उभी राहतात. सांधा मात्रांमधून गेला तर ‘मोरे’चं ‘मार’ वाचलं जाण्याची भीती. म्हणून पूर्ण मापाचा कागद घ्या, त्यावर टाइलच्या चौकटी पेन्सिलने आखा, आणि अक्षरं अशी बसवा की आडवा सांधा अक्षराच्या पोटातून जाईल, शिरोरेघेपासून किमान दोन बोटं खाली. उभा सांधा दोन अक्षरांच्या मधल्या जागेत आला तर उत्तम. काना आणि उभा सांधा एकमेकांना चिकटून समांतर आले तर मात्र काना दोनदा दिसतो. जोडाक्षरं असलेली आडनावं, उदाहरणार्थ कुलकर्णी, एकाच टाइलवर पूर्ण बसवायचा मोह होतो. बसवा, पण रफार टाइलच्या कडेपासून आत ठेवा. कड कापताना-घासताना पहिला बळी तिथेच जातो.

सांध्याची जागाही कागदावर धरा. टाइल्स एकमेकींना चिकटवून रंगवल्या आणि भिंतीवर दोन मिलिमीटर अंतराने लावल्या, तर तिरप्या रेघा सांध्यावर तुटतात. होडीचं शीड, माडाचं खोड, कमान: जिथे लांब तिरपी किंवा गोल रेघ आहे तिथे हे लगेच डोळ्यात भरतं.

रंगांबद्दल: निळा म्हणजे कोबाल्ट, हिरवा म्हणजे तांबं, जांभळट तपकिरी म्हणजे मँगनीज, जुना पिवळा अँटिमनीचा. निळा-पांढरा संयोग सगळ्यात सुरक्षित, कारण कोबाल्ट भट्टीतल्या चढउतारांना फारसा जुमानत नाही. लाल मागू नका. मूळ पद्धतीत, हजार अंशांच्या आसपास, चांगला लाल मिळवणं कठीण असतं, आणि आठशे अंशांचा लाल उन्हात लावावा असा नसतो.

रंगवायचं कसं

स्वतः करून पाहायचं असेल, किंवा करणाऱ्याचं काम समजून घ्यायचं असेल, तर मूळ पद्धतीचा क्रम असा.

पूर्ण मापाचं चित्र पातळ पण चिवट कागदावर उतरवा. मऊ कापडाची घडी खाली ठेवून रेघांवरून सुईने दोन-दोन मिलिमीटरवर भोकं पाडा. कागद टाइल्सवर ठेवा आणि लोणारी कोळशाची पूड मलमलच्या पुरचुंडीत बांधून ती हलक्या हाताने आपटत न्या. रांगोळीचा ठिपक्यांचा कागद वापरलेल्या कुणालाही हे शिकवावं लागणार नाही. कागद उचलला की टाइलवर बारीक काळ्या ठिपक्यांचं चित्र राहतं. कोळसा भट्टीत जळून जातो, त्यामुळे पुसत बसायची गरज नाही.

मग बाह्यरेषा. लांब केसांचा, पातळ टोकाचा कुंचला, रंगात मँगनीज मिसळलेला गडद कोबाल्ट. कच्चं ग्लेझ टीपकागदासारखं पाणी ओढतं. कुंचला टेकवला आणि क्षणभर थांबला तरी तिथे गोळा होतो, म्हणून हात चालता ठेवायचा आणि मनगट टेकवायचं नाही. टेकवलं की ग्लेझची भुकटी उचलली जाते. त्यासाठी टाइल्सच्या दोन्ही बाजूंना विटा ठेवून वर एक पट्टी आडवी टाकतात आणि हात तिच्यावर ठेवतात. रेघ चुकली तर पुसता येत नाही. तेवढा भाग ब्लेडने खरवडून पुन्हा ग्लेझ लावावं लागतं, आणि तो जोड बहुतेक वेळा दिसतो.

बाह्यरेषेनंतर फिके हात. कोबाल्ट फार तिखट रंग आहे. चमचाभर पाण्यात चिमूटभरही जास्त होतं. शिवाय कच्चा असताना तो निळा दिसतच नाही, करडा-काळपट किंवा फिकट जांभळा दिसतो. किती पाण्याला किती रंग हे डोळ्याने ठरवता येत नाही. त्यासाठी एक टाइल नमुन्याला द्यायची: पाच-सहा पट्टे, प्रत्येक पट्ट्याला पाणी वाढवत न्यायचं, मागे प्रमाण लिहायचं आणि आधी तीच भाजायची. कुणी नमुना न दाखवता थेट मोठी ऑर्डर घेत असेल तर नमुना मागून घ्या.

हे रंग म्हणजे धातूंची ऑक्साइडं, आणि ती विषारी आहेत. सुकी पूड हाताळताना मास्क, नंतर ओल्या फडक्याने पुसणं, स्वयंपाकाची भांडी अजिबात नाही. कुंचल्याचं टोक ओठांत धरून सरळ करायची चित्रकारांची सवय इथे दाराबाहेर ठेवायची.

प्रत्येक टाइलच्या पाठीवर ओळ आणि स्तंभ लिहा, आणि वरच्या बाजूला बाण. पेन्सिलने लिहिलेलं भट्टीत नाहीसं होतं, म्हणून लोहाच्या ऑक्साइडने किंवा त्याच निळ्या रंगाने लिहायचं. चोवीस टाइल्सच्या चित्रात आकाशाच्या आठ टाइल्स सारख्याच दिसतात. त्या वेळी हा आकडाच वाचवतो.

भट्टी

घरी भट्टी नसते, ठेवूही नये. पुण्या-मुंबईत आणि गोव्यात मातीकामाचे स्टुडिओ बाहेरच्यांचं काम भाजून देतात. त्यांना तीन गोष्टी सांगा: माती कुठली, ग्लेझ कुठलं, तापमान किती. हे सांगता आलं नाही तर चांगला स्टुडिओ काम घेणार नाही, कारण वितळलेलं ग्लेझ ओघळून त्यांच्या फळ्या वाया जातात.

टाइल सपाट आणि पातळ, त्यामुळे तिला घाई चालत नाही. तापमान सावकाश चढवायचं, विशेषतः ५७३ अंशांच्या आसपास, कारण तिथे मातीतला क्वार्ट्झ एकदम आकार बदलतो. उतरतानाही तेच. भट्टी शंभर अंशांच्या खाली आल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. ‘टिंग’ असा आवाज आला तर कुठली तरी टाइल गेली. दुसऱ्या पद्धतीच्या, तयार काचेच्या थरावर रंगवलेल्या टाइल्समध्ये रंगाचं माध्यम बहुधा तेल असतं, ते जळताना धूर होतो. म्हणून सुरुवातीचे काही तास भट्टी किंचित उघडी ठेवतात आणि खोलीला वारा देतात.

जुनी, भिंतीवरून काढलेली टाइल रंगवून पुन्हा भाजायची कल्पना कुणी काढली तर नको म्हणा. तिच्या पोटात पाणी, क्षार आणि सिमेंट असतं, आणि ते भट्टीत फुटून शेजारच्या टाइल्सनाही घेऊन जातं.

बसवणं

टाइल्स आधी जमिनीवर सतरंजी टाकून चित्राप्रमाणे मांडा, फोटो काढा, आणि गवंड्याला तो फोटो द्या. गवंड्याला चित्र वाचायची सवय नसते, त्याला ओळ आणि ओळंबा लागतो. भिंतीवर लेव्हल ट्यूबने आडवी रेघ मारून तिच्यावर लाकडी पट्टी ठोका. पहिली ओळ त्या पट्टीवर टेकेल आणि घसरणार नाही. कामाला खालून सुरुवात.

चिकटवायला टाइल ऍडहेसिव्ह घ्या. पोतडीवर आय. एस. १५४७७ हे मानक लिहिलेलं असतं, आणि बाहेरच्या भिंतीसाठी कुठला प्रकार चालेल ते दुकानदार सांगतो. ऍडहेसिव्ह वापरताना टाइल भिजवायची नाही. सिमेंट-वाळूच्या मालावर लावणार असाल तर उलट: सच्छिद्र टाइल पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत भिजवून, निथळून लावायची, नाहीतर ती मालातलं पाणी ओढून घेते आणि सुटते. या दोन पद्धती गवंडी हमखास मिसळतो, म्हणून तेवढा वेळ शेजारी उभं राहावं.

माल लावायचा तो दात असलेल्या थापीने, भिंतीवर आणि टाइलच्या पाठीवर दोन्हीकडे. चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक गोळा ठेवून टाइल दाबायची पद्धत स्नानगृहात खपून जाते, इथे नाही. गोळ्यांच्या मधल्या पोकळीत पाणी साठतं आणि पहिल्याच पावसाळ्यात खार तिथून फुटतो. टाइल बसली की बोटाच्या पेराने ठोकून ऐका. पोकळ आवाज आला तर माल ओला असेपर्यंत काढून पुन्हा लावा.

सांध्याचं अंतर राखायला दोन मिलिमीटरचे स्पेसर, म्हणजे प्लॅस्टिकचे छोटे तुकडे, दुसऱ्या दिवशी ग्राउट. ग्राउट टाइलपेक्षा कमकुवत असावा. भिंत हलली तर आधी सांध्याला तडा जावा, टाइलला जाऊ नये. पांढरा किंवा फिकट राखाडी घ्या. गडद रंगाचा ग्राउट टाइलच्या बारीक भेगांत शिरला की निघत नाही. आधी एका सुट्या टाइलवर लावून पाहा.

आता काम संपल्यावर गवंडी जी एक गोष्ट हमखास करतो ती थांबवा. सिमेंटचे डाग काढायला तो पाण्यात ऍसिड टाकून सगळ्यावर फिरवतो. काचेवर बसवलेला रंग त्याने एका फडक्यात मंद होतो आणि सांध्यांमधला ग्राउट खाल्ला जातो. ग्राउट ओला असतानाच ओल्या स्पंजने पुसून घेतला तर ऍसिडची वेळ येतच नाही. बाटली त्या दिवशी जवळ ठेवूच नका.

पाटीच्या वरच्या कडेला सिलिकॉनची बारीक पट्टी द्या, म्हणजे वरून उतरणारं पाणी मागे जात नाही. खालची कड उघडी ठेवा. चारही बाजू बंद केल्या तर आत गेलेलं पाणी आतच राहतं.

पुढची निगा

साधं पाणी, मऊ फडकं, फार तर भांड्याच्या साबणाचा थेंब. लिंबू, व्हिनेगर, तारेची घासणी नाही. पावसाळ्यानंतर एकदा ठोकून ऐका आणि सांधे बघा. पांढरा खार दिसला तर सुक्या मऊ ब्रशने झाडा. पाण्याने धुतला तर तो विरघळून पुन्हा आत जातो. एकाच जागी वारंवार येत असेल तर टाइलवर इलाज करण्यात अर्थ नाही, पाणी कुठून येतंय ते शोधा: गटार, फुटकं कौल, मागच्या बाजूचं स्नानगृह.

घरात आधीपासून जुने अझुलेजो असतील तर वेगळा हिशोब. ते उचकटू नका. समोरून सरळ फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून, प्रत्येक टाइलचा वेगळा आणि सगळ्यांचा एकत्र. सुटायला आलेली टाइल पडण्याआधी ओळख लिहून काढून घ्या आणि तिच्या पाठीचा चुना खरवडून टाकू नका. पुढे दुरुस्ती करणाऱ्याला तो कामाचा असतो. क्षार काढायचे तर आरओच्या पाण्यात बुडवून ठेवतात आणि पाणी बदलत राहतात. यात आठवडे जातात. हरवलेल्या टाइलच्या जागी हुबेहूब नक्कल बसवण्यापेक्षा त्याच रंगछटेचा साधा चुन्याचा गिलावा भरावा, हे माझं मत. नक्कल बसवायचीच असेल तर तिच्या पाठीवर साल लिहून भाजून घ्या. आणि कुणी ‘जुन्या चर्चमधली’ म्हणून टाइल विकायला आणली तर हात लावू नका. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. संरक्षित वास्तूतून उचललेला तुकडा तर सरळ चोरीचा माल.

ऑर्डर देतानाच त्याच घाण्यातल्या दोन-तीन कोऱ्या टाइल्स जादा मागून घ्या. भोकं पाडलेला कागद, नमुन्याची टाइल आणि भट्टीचं तापमान लिहिलेली चिठ्ठी त्यांच्याबरोबर एका खोक्यात ठेवा आणि खोक्यावर पाटीचा फोटो चिकटवा. बहुतेक चित्रकार कागद मागितला तर देतात. काही जण नक्षी आपली म्हणून देत नाहीत, तेही रास्त आहे. मग निदान तुमच्या नावाच्या अक्षरांचा भाग मागा. एखादी टाइल फुटली की त्या कागदावरून तेवढीच रंगवून घेता येते, सगळी पाटी नव्याने करावी लागत नाही.